पलीकडे तोंड केलेला मॉनिटर

टायपिस्टबाईंची लेक पहिलीत गेली, त्या वर्षी मी त्यांच्या टेबलावर आलो. मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

आम्ही दोघे होतो. माझ्या जोडीदाराचे तोंड बाईंकडे आणि माझे पलीकडे, अर्ज लिहून घ्यायला आलेल्या माणसाकडे. बाई टाइप करत ते माझ्यावरही उमटे. अक्षर बोराएवढे करून त्या म्हणत, "आधी बघा, मग सही करा." माझ्या काचेवर किती बोटे फिरली! माझे कौतुक कुणी केले नाही, पण माझ्यापुढे फसलेही कुणी नाही.

पुढे लेक कमावती झाली. तिने हौसेने एक लांबलचक रुंद मॉनिटर आणला.

"आई, दोन डबे कशाला? एकाच पडद्यावर सगळं मावतं. मधे फटसुद्धा नाही!"

"अगं, पण समोरच्याला कसं दिसेल?"

"वाचून दाखव की!"

जोडीदार भंगारात गेला. मला जुन्या चादरीत गुंडाळून टेबलाखाली सारले. तिथून मला फक्त लोकांच्या चपला दिसत. तरी मी मनात म्हणत होतो, रुंदी म्हणजे मोठेपण नव्हे!

एके दिवशी इस्त्रीवाल्या आजी पुतण्याला घेऊन आल्या. आपली खोली आपल्यामागे लेकीला मिळावी, असे त्यांना लिहून ठेवायचे होते. आजी कानाने अधू. पुतण्या सांगत गेला, आजी मान डोलवत गेल्या, बाई टाइप करत गेल्या. कागद छापून झाला.

"काकू, करा सही. तुम्ही म्हणालात तसंच आहे."

"ही मुंग्यांची रांग मला दिसत नाही. माझ्याकडे बघणारा तो डबा कुठाय?"

"बाई वाचून दाखवतील ना!" पुतण्याने बाईंकडे बोट दाखवून खूण केली.

"मला तोंड हललेलं दिसतं, शब्द ऐकू येत नाही. साठीनंतर अक्षरं शिकले, ती काय डोळे मिटून सही करायला?"

आजी हटेनात. शेवटी बाईंनी मला बाहेर काढले, धूळ पुसली, वायर जोडली. मी पेटलो! आजींचे बोट एकेका अक्षरावरून सरकू लागले आणि थांबले.

"हे तर तुझं नाव. लेकीचं कुठाय?"

"ती परगावी असते, म्हणून म्हटलं..." पुतण्या पुटपुटला.

"खोली माझी, लेक माझी. तू फक्त रिक्षा आणायला आला होतास!"

बाईंचा चेहरा उतरला. "आजी, चूक माझी. मी तुम्हाला विचारायला हवं होतं." त्यांनी नाव बदलले. आजींनी पुन्हा पहिल्यापासून वाचले, मग सही केली.

रुंद मॉनिटर बाईंच्या लेकीच्या घरी गेला. बाईंनी आपल्यासाठी एक साधा आणला. मी माझ्या जागेवर आहे. माझा एक कोपरा काळा पडलाय, पडू दे. मित्रांनो, मला जुना म्हणा, डबा म्हणा. पण कुणाची सही घ्याल, तर आधी पडदा त्याच्याकडे वळवा.

इस्त्रीवाल्या आजी त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात वारल्या. खोलीत त्यांची लेक राहते.