तोंडी आदेशानुसार

या कामातून कापसाच्या सहकारी जिनिंगमधल्या ऑपरेटर पायलला मिळायचं होतं ते एवढं: नेमणुकीचा अकरा महिन्यांचा नवा लेखी आदेश, हात असलेली खुर्ची आणि पंख्याखालची जागा. जाण्यासारखं एकच होतं. जुना आदेश येत्या शुक्रवारी संपत होता, आणि तो संपला की दारव्ह्याच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं. तिथला पंखा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो.

अध्यक्ष विठ्ठलरावांच्या मते काम सोपं होतं. जिनिंगच्या कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी एक ओळ होती, ती शोधायची.

जिनिंगचं नाव इथे नको. ज्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहिल्या त्यांना ते सांगावं लागत नाही. साल दोन हजार सात. कापसाला भाव नव्हता आणि रांगेला शेवट नव्हता. आज काटा बंद, उद्या बारदाना नाही; पुढच्या गाडीचं माप एका दिवसात व्हायचं, मागची गाडी आठ-आठ दिवस थंडीत उभी. म्हणून गाड्यांचा क्रम कॉम्प्युटरच्या सोडतीने लागायचा. सोडत निघेपर्यंत सगळ्या गाड्या मैदानात जशा आल्या तशा उभ्या असत. ज्याचा पहिला नंबर, त्याच्या गाडीची मुहूर्ताला पूजा, बैलांना हार, मालकाला शेला-टोपी-नारळ, पेपरात फोटो आणि भावही थोडा चढा.

चार वर्षं पहिला नंबर अध्यक्षांच्या घरच्या गाडीचा निघाला. पहिल्या वर्षी लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वर्षी हसले. तिसऱ्या वर्षी पान खाता खाता विठ्ठलरावांच्या नशिबाची चौकशी केली. चौथ्या वर्षी कोणीतरी यवतमाळला निनावी अर्ज टाकला. आता गुरुवारी तपासणी अधिकारी येणार होते आणि सोडत त्यांच्यासमोर व्हायची होती.

"राजदीपनं काय करून ठेवलं ते मले माहीत नाई," विठ्ठलराव म्हणाले. "म्या त्याले फक्त म्हटलं होतं, लक्ष ठेव बाप्पा. आता तो पुण्याले अन् मी अठी. तू पाह्य पोरी. ओळ सापडली की मले सांग. आदेशाचं मी पाहतो."

राजदीप म्हणजे हे सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याने तीनशे सोळा फाइली लिहिल्या, पुण्याला नोकरी पकडली आणि फोन नंबर बदलला.

व्यवस्थापक खेमसिंग यांनी या शोधाला आपली पद्धत लावली. सगळं छापून काढायला सांगितलं. दोन रीम कागद लागले. मग ते टेबलाशी बसले आणि ओळीखाली फूटपट्टी ठेवून वाचू लागले, जसे गेली अठ्ठावीस वर्षं आवक-जावक रजिस्टर वाचत आले होते. त्यातलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं. पण पट्टी एकही ओळ सोडत नव्हती.

"किती झालं, साहेब?" पायलनं विचारलं.

"पंचेचाळीस पानं. तुझं?"

"माझं सगळं झालं. तीन वेळा."

तिची पद्धत वेगळी होती. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, तिच्यापुढे शब्द लिहायचा, बटण दाबायचं. कॉम्प्युटर तीनशे सोळाही फाइली चाळून तो शब्द कुठे कुठे आहे त्याची यादी द्यायचा: फाइलचं नाव, ओळीचा आकडा आणि ती ओळ. त्यावर तिनं स्वतःची एक सोय करून घेतली होती. यादीतल्या प्रत्येक जागेला क्रमांक पडायचा, आणि क्रमांक टाकला की ती फाइल नेमकी त्याच ओळीवर उघडायची.

पण शब्द तर माहीत पाहिजे. अध्यक्षांचं नाव टाकलं: शून्य जागा. आडनाव टाकलं: शून्य. अध्यक्ष जिनिंगचे सभासद क्रमांक सात, म्हणून सात टाकलं: चार हजारांवर जागा.

"चार हजार?" खेमसिंगांनी चष्मा वर केला. "मग माही पट्टी बरी."

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी फाटकावर आवाज चढले. फाटकावर उकंडा असतो, शिपाई. त्याच्याकडे येण्याजाण्याचं रजिस्टर. खेमसिंगांनी खिडकीतूनच त्याला एक ट्रॅक्टर पासाशिवाय आत सोडायला सांगितलं होतं.

"सोडतो, साहेब," उकंडा म्हणाला. "पण लिहून ठेवतो. मा. व्यवस्थापक यांच्या तोंडी आदेशानुसार."

"काहून? माह्यावर विश्वास नाई तुहा?"

"तुमच्यावर आहे. उद्याच्या तुमच्यावर नाई."

बाहेरचे चार गाडीवाले हसले आणि खेमसिंगांनी खिडकी लावून घेतली. पायल मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. कॉम्प्युटरवर बसण्याआधी राजदीप दोन वर्षं कुठे बसत होता? याच फाटकावर, उकंडाच्या हाताखाली, याच रजिस्टरवर. त्याला पहिला धडा मिळाला तो हा, की सांगणाऱ्याचा हुद्दा लिहिल्याशिवाय कोणासाठी काही करायचं नाही.

फाइलींत ओळीच्या वर शेरा लिहिता येतो; कॉम्प्युटर तो सोडून देतो, माणसं वाचतात. राजदीप आपले शेरे मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहायचा. तिनं तशाच अक्षरांत 'तोंडी' टाइप केलं आणि बटण दाबलं.

एक्केचाळीस जागा.

बाराव्या जागेत अध्यक्षांचा हुद्दा दिसला. बारा टाकलं. फाइल उघडली आणि नेमक्या ओळीवर थांबली. राजदीपचा शेरा होता: मा. अध्यक्ष यांच्या तोंडी आदेशानुसार, सोडत निघाल्यावर पहिल्या क्रमांकाची सभासद सातशी अदलाबदल. शेऱ्याखाली ते करणारी एकच ओळ. छापलेल्या कागदांत ती पान दोनशे सहावर होती; पट्टी तिथे पोचायला पुढचा सोमवार उजाडला असता.

तिनं फक्त खेमसिंगांना सांगितलं. पण त्या ऑफिसात एकाला सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावणं. दुपारच्या आत लेखापाल कचोरी घेऊन आले.

"सहजच आलो. त्या यादीत 'लेखापाल' असं काही आहे का?"

"सहा आणि एकोणीस."

"दोन?" त्यांनी कचोरी तिच्याकडे सरकवली. "मले एकच आठवते."

काटेवाला आला, गोदामवाला आला, एक संचालक चपला बाहेर काढून आत आले, जे ते देवळातही करत नसत. प्रत्येकजण सहजच आला होता, प्रत्येकाच्या हातात काहीतरी बांधलेलं होतं. पायल हुद्दा टाकायची, जागा निघायची, क्रमांक दाबला की माणसाचं तोंड उतरायचं. गोदामवाल्याची एकही जागा निघाली नाही. तो सर्वांत जास्त नाराज होऊन गेला. आपल्याला कोणी विचारतच नाही, हे त्याला असं लेखी कळलं.

चार वाजता उकंडा चहा घेऊन आला. "साऱ्यांचं पाह्यलंस. आता तुहं पाह्य."

"माझं काय असणार? मी तर परीक्षा देऊन लागली."

"मग भेतेस कायले?"

तिनं यादी खालपर्यंत नेली, 'परीक्षा' दिसली तिथे थांबली आणि सदतीस टाकलं. मा. व्यवस्थापक यांच्या तोंडी आदेशानुसार, लेखी परीक्षेत उमेदवार क्रमांक चारला तीन गुण वाढवणे. उमेदवार क्रमांक चार म्हणजे तीच. खाली राजदीपनं आपल्याकडून जोडलं होतं: उमेदवार हुशार, टायपिंग बेताचं.

चहा तसाच ठेवून ती उठली. मग खेमसिंगांच्या टेबलाशी गेली. ते पान एकोणनव्वदवर होते.

"साहेब, तीन गुण कायले वाढवले?"

त्यांनी पट्टी सरकू दिली नाही. "परीक्षेच्या दिवशी प्रिंटर बंद पडला होता. बाकी तिघं बसून राह्यले, तू उठून चालू केला. त्याचे गुण कागदावर नव्हते. म्या टाकाले लावले."

"लेखी काहून नाई दिला आदेश?"

"लेखी दिला असता तर चूक झाली असती, बेटा. तोंडी दिला तर मेहेरबानी होते."

संध्याकाळी विठ्ठलराव आले. बारा क्रमांकाची जागा त्यांनी दोनदा वाचून घेतली, आणि चार वर्षांच्या अध्यक्षपदाला साजेसा विचार केला.

"वरचा शेरा पुसून टाक," ते म्हणाले. "खालची ओळ राहू दे."

"भाऊ, लबाडी तर ओळीत आहे."

"असू दे. ती कोणाले समजते? माहा हुद्दा साऱ्यांले समजते. तुह्या आदेशावर उद्या सही करतो."

पायलनं आदेशाचा मसुदा त्यांच्या खिशातून डोकावताना पाहिला. अकरा महिने, हात असलेली खुर्ची. तिनं मान हलवली, बाराव्या जागेवर उडी मारली आणि पुसलं. शेरा नाही, ओळ. शेरा जागच्या जागी ठेवला.

गुरुवारी विठ्ठलराव आपली गाडी सजवूनच आले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. शेला-टोपी-नारळ जिनिंगनं आणायचा, पण पसंती आपली असावी म्हणून तोही स्वतःच घेऊन आले. तपासणी अधिकारी जीपमधून उतरले, पाणी प्याले आणि पायलच्या शेजारी बसले.

"तक्रार पहिल्या नंबराची आहे. त्याचं काय आहे ते दाखवा."

तिनं शब्द टाकला, बारा दाबलं. अधिकाऱ्यांनी वाचलं. शेरा होता आणि शेऱ्याखाली रिकामी जागा होती.

"आदेश दिसतो," ते म्हणाले, "अंमलबजावणी दिसत नाही."

विठ्ठलरावांनी पायलकडे पाहिलं. तिनं पडद्याकडे.

"हे सगळे तोंडी आदेश?" अधिकारी यादी वर-खाली नेत होते. मग जरा हळू: "यात 'तपासणी' म्हणून काही निघतं का?"

"एक निघते, साहेब." तिनं दाबलं. मा. तपासणी अधिकारी यांच्या तोंडी आदेशानुसार, तपासणीचा अहवाल तपासणीच्या आदल्या दिवशी छापून ठेवणे.

शेऱ्यापुढे राजदीपनं सालही घातलं होतं. त्या वर्षीचे तपासणी अधिकारी कोण, हे खेमसिंगांना आठवत होतं, आणि अधिकाऱ्यांना तर आठवायची गरजच नव्हती.

"लिहिण्यासारखं काही नाही," अधिकारी उठत म्हणाले. "सोडत काढा. आत्ता, माझ्यासमोर, सगळ्यांसमोर."

सोडत निघाली. पहिला नंबर विमलताईंचा. एकच गाडी, कापूस नऊ क्विंटल, बैल भाड्याचे. त्या मैदानाच्या टोकाला शेंगदाणे खात बसल्या होत्या आणि नाव पुकारल्यावर त्यांना वाटलं गाडी हटवायला सांगताहेत. विठ्ठलरावांच्या गाडीचा नंबर दोनशे अकरा. मुहूर्ताची वेळ जात होती, म्हणून त्यांच्या बैलांचे हार काढून विमलताईंच्या बैलांना घातले, आणि पेपरवाला समोर असल्यामुळे शेलाही अध्यक्षांना आपल्या हातानं द्यावा लागला.

"भाऊ," विमलताई नारळ घेत म्हणाल्या, "तुमची गाडी कवाची सजून उभी हाय. कोनाची वाट पाहून राह्यली?"

शुक्रवारी पायलचा आदेश संपला. मसुद्यावर सही झाली नाही, आणि तिला कोणी नको असंही म्हटलं नाही, कारण एक्केचाळीस जागा कुठे आहेत ते तिलाच माहीत होतं. संध्याकाळी खेमसिंग दारात थांबले.

"सोमवारी येत जाय," ते म्हणाले.

"आदेश?"

"सांगतलं ना."

सोमवारी ती आली, फाइल उघडली आणि बेचाळिसावी जागा लिहिली: मा. व्यवस्थापक यांच्या तोंडी आदेशानुसार, ऑपरेटर रोज येते.

मग एकूण हिशेब असा. विठ्ठलरावांचे गेले दोन हार, एक शेला, एक टोपी, एक नारळ आणि दहा दिवस रांगेत. लेखापालाच्या गेल्या चार कचोऱ्या. खेमसिंगांचे गेले दोन रीम कागद, जिनिंगचे. आणि पायलचा गेला लेखी आदेश. खुर्ची अजून बिनहाताची आहे, पण पंखा तिनं स्वतःकडे फिरवून घेतला आहे.