आगारीवरचं नाव

शोभाबाईचा तसाही कुणावर विश्वास नव्हता, आणि सून गोड बोलायला लागल्यापासून तर मुळीच राहिला नव्हता. उज्ज्वला एरवी चहाचा कपसुद्धा आदळून ठेवायची. आता मात्र "माय, पाय दाबू का? माय, उशी बदलू का?" तिला दवाखान्यातून आणल्यापासून हेच चाललं होतं. शोभाबाईच्या छातीत पाणी झालं होतं, डोक्यात नव्हे. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळत होतं.

त्यात मुलगा गजेंद्र म्हणाला, "उद्या आखाजी आहे, माय."

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशी माणसाला दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, पितरांना जेवू घालतात. गायत्री अमळनेरहून आलीसुद्धा, आणि आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली. लेक गळ्यात पडणाऱ्यातली नव्हती.

"इतक्यात कशी आली आखाजी?" शोभाबाईनं विचारलं. खाटेवर पडून तिला महिना-तिथीचा पत्ता उरला नव्हता.

तिघंही एकदम बोलायला लागले. खरं सांगायचं असेल तर एक माणूस पुरतं, तीन कशाला लागतात?

सकाळी तिला गोधडी लागली. आखाजीच्या उन्हात खानदेशात डोकं भाजून निघतं, आणि इथं सुरतेत, पांडेसऱ्यात गोधडी! "सुरतेची हवाच तशी," गायत्री म्हणाली. गल्लीत गावाकडचीच माणसं राहायची. दर आखाजीला ओट्यावर पत्त्यांचे डाव पडायचे, आरडाओरड व्हायची. आज सगळे गपचूप कापडाच्या प्रोसेस हाऊसच्या पाळीला चालले होते.

बरं, रस झाला होता, पण घरात चोखायला एक कोय नव्हती. डब्यातला रस आणून वर वेलदोडा घातला की सासूला कळत नाही, असं या बाईला वाटलं की काय? शोभाबाईनं वाटी हुंगली आणि गप्प बसली. ताकाला जाऊन भांडं लपवणारे कधीतरी भांडं काढतातच.

तिचा हिशेब तिनं केव्हाच मांडला होता. हे मला गावाला धाडणार. बंद घराचं कुलूप काढून शेजारणीच्या भरवशावर टाकून येणार, आणि त्याआधी हे गोडाचं जेवण. धाडायचं तर तोंडावर सांगा ना! तिला या गोडबोलेपणाचाच जास्त राग आला होता.

जेवायच्या आधी आगारी. निखाऱ्यावर तूप सोडायचं, पोळीचा घास टाकायचा आणि पितराला नाव घेऊन जेवायला बोलवायचं. गजेंद्रनं मातीच्या परळात शेणी पेटवली. तूप सोडलं, घास टाकला, हात जोडले आणि उठायला लागला.

"तुना बापनं नाव ले," शोभाबाई म्हणाली.

"घेतलं मनात."

"मनमा कसाले? तो बहिरा व्हता. मोठ्यानं ले."

गजेंद्रचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं जमिनीकडं. बापाचं, हिलाल पाटलाचं नाव काही त्याच्या तोंडातून निघेना.

तेव्हा शोभाबाईला उमगलं. जित्या आईला फसवणं जमलं होतं. पण मेलेल्या बापाला भलत्याच दिवशी जेवायला हाक मारायची या पोराची छाती नव्हती.

"आज आखाजी नही ना?"

उज्ज्वलानं पदर तोंडाला लावला.

"डॉक्टर काय बोलना?"

"बोलना, आखाजी लगून..." आखाजीपर्यंत माय टिकत नाही, एवढं काही गजेंद्रला बोलवेना.

शोभाबाई घाबरली. पुरती घाबरली. गावाला धाडलं असतं तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. मग तिनं ताट पुढं ओढलं, आणि पोळीचा तुकडा मोडला.

"रडू नका. जेवा," ती म्हणाली. "आन् खरी आखाजीले दोन नाव ले, गजेंद्र. पहिलं तुना बापनं ले, नहीतं तो रुसी बसी."