आधी हातांवर बसा

आमच्या शाळेत भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकात शेवटचा तास नसतो. म्हणजे तास असतो, शिकवायला बाई असतात, फळा असतो, फक्त कागदावर तो छापलाच जात नाही. कडेला कापला जातो. त्यामुळे अर्धा वर्ग ‘कागदावर नाही म्हणजे नाही’ असं म्हणत दप्तरं उचलतो आणि गणिताच्या बाई दारात आडव्या उभ्या राहतात.

ज्या प्रोग्रामातून हे वेळापत्रक निघतं, त्याच्यावर मीही काम करते. ती चूक मला बसल्या बैठकीला सुधारता आली असती. मी ती मुद्दाम तशीच ठेवली होती.

“येतं ना तुला? मग कर की,” दादा म्हणायचा. दादा माझ्याहून थोडासाच मोठा, सल्ले मात्र निवृत्त माणसाचे.

“ती राखीव आहे.”

“चूक राखीव? बसमधल्या सीटसारखी?”

“अगदी तशी. रिकामी दिसली म्हणून तू बसतोस का?”

तो बसतो, मला माहीत आहे. पण तो विषय वेगळा.

आमचा प्रोग्राम कुणाच्या मालकीचा नाही. कुठल्याही शाळेने फुकट घ्यावा, कुणीही त्याचा कोड उघडून बघावा, सुधारावा. पगार कुणालाच नाही. पोटापाण्याची कामं उरकून माणसं इथे येतात आणि आणखी काम करतात. ज्यांनी हे सुरू केलं त्यांना आम्ही आजोबा म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचे केस काळेभोर आहेत, आणि व्हिडिओ कॉल चालू असताना मागून त्यांची आई जेवायला हाका मारते, तेही आम्हाला ऐकू येतं.

आमचे दोन नियम आहेत. पहिला, सोप्या चुकांवर ‘नवख्यांसाठी’ अशी पट्टी लावायची, आणि जुन्यांनी त्यांना हात लावायचा नाही. दुसरा नियम असा की नवख्याला शिकवताना आपण आपल्या हातांवर बसायचं. खरोखर. मी आले तेव्हा मला नर्सताईंनी शिकवलं होतं. हॉस्पिटलच्या विश्रांतीच्या खोलीतून, गणवेशातच. कॉल सुरू झाला की त्या दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवायच्या आणि म्हणायच्या, “मी बोलेन. टाइप तू करायचं.” एका बटणाचा रंग बदलायला मी इतका वेळ लावला की त्यांचे हात बधिर झाले असणार. पण रंग मी बदलला. आता माझ्याकडे चावी होती, म्हणजे इतरांचं काम तपासून मुख्य कोडमध्ये घेण्याचा अधिकार. चावी मिळाली त्या दिवशी मी घरभर इतकी मिरवले की आई म्हणाली, “तिजोरीची असल्यासारखी काय करतेस.”

शेवटच्या तासाची चूक ‘झोपवेळ’ने घेतली होती. हे नाव तिनेच स्वतःला दिलेलं. बाळ झोपलं की ती कामाला बसते, बाळ उठलं की वाक्य अर्धं सोडून जाते. बाळ झालं तेव्हा नोकरी सुटली, आता परत जायचंय, पण “मेंदूला गंज चढलाय गं,” असं ती दर कॉलला म्हणायची. मी हातांवर बसून ऐकायचे. आमचा कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलावर असतो. आई इस्त्री हातात घेऊन वाट बघत म्हणायची, “हातांवर बसून कसलं शिकवणं? निदान घड्या तरी घाल.”

त्या दिवशी शाळेतून आले, कॉम्प्युटर उघडला, तर शेवटचा तास दुरुस्त. संध्याकाळी नवी आवृत्ती द्यायची होती, आजोबांना ती चूक पडलेली दिसली आणि त्यांनी ती उडवून टाकली. खाली लिहिलं होतं, ‘किरकोळ होतं. करून टाकलं.’

त्याच्याखाली झोपवेळची ओळ होती. ‘बरं झालं. मी फारच वेळ लावला. माझ्यामुळे कुणी अडायला नको.’ आणि ती गटातून निघून गेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दप्तर पाठीवरच होतं. मी चावी वापरली, आजोबांची दुरुस्ती काढली, चूक होती तशी जागेवर ठेवली आणि खाली लिहिलं, ‘किरकोळ होतं. काढून टाकलं.’

लगेच कॉल आला.

“ती दुरुस्ती चालत होती,” आजोबा म्हणाले.

“छान चालत होती.”

“मग?”

“ती तुमची नव्हती.”

“अगं, शाळा खोळंबल्यात. तुझीसुद्धा.”

“माझी शाळा शेवटच्या तासाशिवाय मजेत आहे.”

ते हसले नाहीत. “तिला दुसरं सोपं काम देऊ. ढीग पडलाय.”

“भरल्या ताटावरून उठवायचं आणि म्हणायचं, उद्या या जेवायला.”

“एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस.”

“आजोबा, माझ्यानंतर आलेल्यांतलं कोण टिकलं, सांगा. सगळं तुम्हीच करता म्हणून दमता, आणि दमता म्हणून कुणाला शिकवत नाही. तुम्ही उद्या आजारी पडलात तर शाळांनी काय करायचं?”

ते म्हणाले, “दुरुस्ती परत लाव. नाहीतर चावी काढून घ्यावी लागेल.”

“घ्या.”

त्यांनी घेतली. माझ्या पडद्यावरचं बटण राखाडी झालं. दारात दादा होताच. “हाकललं?”

“चावी गेली. मी आहे.”

मी झोपवेळला कॉल लावला. बाळ खांद्यावर होतं, किरकिरत होतं.

“अगं, झालं ना ते काम,” ती म्हणाली.

“नाही झालं. बघा.”

तिने एका हाताने उघडून बघितलं. “हे तर होतं तसंच आहे.”

“मी काढलं. त्यांनी माझी चावी काढली.”

“वेडी आहेस का गं?”

“असेन. तुमचं कुठवर आलं होतं, ताई?”

ती बाळाला थोपटत राहिली. “जवळजवळ झालंय. पण त्यांच्यासारखं सुबक नाही.”

“सुबक कुणी मागितलंय?”

“मग हे झोपू दे,” ती म्हणाली.

बाळ झोपलं. तिने काम पाठवलं. खोटं कशाला बोलू, आजोबांनी दोन ओळींत केलेलं तिने वळसा घालून केलं होतं. पण शेवटचा तास छापला जात होता. आता चावी माझ्याकडे नव्हती आणि नर्सताई ड्यूटीवर होत्या, म्हणजे ते आत घेणार फक्त आजोबाच. ते कॉलवर आले आणि त्यांनी प्रोग्राम चालवून बघितला.

“आडव्या कागदावर अजून कापलं जातंय.”

झोपवेळचा चेहरा उतरला. “मग राहू दे ना. तुमचंच घ्या.”

“एक मिनिट, मीच पटकन...” आजोबांचे हात कीबोर्डकडे गेले.

“आजोबा,” मी म्हणाले, “हात.”

मागून त्यांच्या आईने जेवायला हाक मारली. त्यांनी स्वतःच्या हातांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघितलं. मग एकेक करून ते मांड्यांखाली सरकवले. “कागदाची रुंदी तू कुठून घेतेस?” त्यांनी झोपवेळला विचारलं.

ती शोधू लागली. सापडतच होतं, इतक्यात पाळण्यातून रडणं सुरू झालं. “उठलं,” ती म्हणाली. “आता संध्याकाळ गेली. तुमची आवृत्ती...”

“उद्या देऊ,” आजोबा म्हणाले, हातांवर बसूनच. “बाळ झोपलं की.”

आणि तसंच झालं. इतक्या शाळांची आवृत्ती एका बाळाच्या झोपेसाठी थांबली. गणिताच्या बाईंना आणखी एक दिवस दारात उभं राहावं लागलं. मी त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एका बाळासाठी?” मी म्हणाले, “त्याच्या आईसाठी, बाई,” आणि मुकाट्याने तासाला बसले.

झोपवेळने दुसरी चूक घेतली आहे, आधीच्यापेक्षा अवघड. चावी आजोबांनी अजून परत दिलेली नाही. मी मागितलेलीही नाही. काल मला प्रोग्रामात एक नवी चूक सापडली, फुंकर मारली तरी उडेल अशी. मी तिच्यावर ‘नवख्यांसाठी’ची पट्टी लावून ठेवली आहे. कुणी जुन्याने हात लावून बघावा. चावी नसली तरी तोंड आहे मला.