उतरायचं राहिलेलं विमान

ताईने बॉम्बर विमान शेपटीला धरून उचललं आणि कांदे बांधावेत तसं जुन्या वर्तमानपत्रात कोंबलं.

"अगं, पंख मोडेल!" धाकटा भाऊ दारातूनच ओरडला.

"मोडू दे. दुकानदार येतोय सगळं न्यायला. आणि बाबा गेल्यावर तू बरा धावत आलास! बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा सवड नव्हती साहेबांना."

बाबा हवाई दलात मेकॅनिक. युद्धातल्या विमानांच्या धातूच्या छोट्या प्रतिकृती जमवण्यात जन्म घालवला. पोरांच्या पाठीवरून कधी हात फिरला नाही, पण या खेळण्यांवरून रोज मऊ फडकं फिरायचं. ताईला त्यांचा मनस्वी राग होता. सगळी विमानं चाकांवर, रांगेत उभी. एकच लढाऊ विमान तेवढं रांगेबाहेर, बिनचाकांचं, उभ्या दांडीवर अधांतरी.

"मला बाकी काही नको," धाकटा म्हणाला. "ते एक दे."

नेमकं तेच! ताईचा हात आपसूक गालाकडे गेला. लहान असताना तिला त्या विमानाची कीव आली होती. बिचारं एकटंच अधांतरी, म्हणून तिने खोक्यातली सुटी चाकं शोधून त्याला बसवली आणि ते इतरांशेजारी ठेवलं. बाबा कामावरून आले, बघितलं, आणि तिच्या सणसणीत मुस्काटात दिली. मग चाकं ओरबाडून काढली. का, ते कधी सांगितलं नाही. ती थप्पड ताईच्या मनातून अजून उतरली नव्हती.

"ते तर भंगारातच घालणार आहे मी."

"ताई, ते काकाचं विमान आहे."

काका म्हणजे बाबांचा पाठचा भाऊ. युद्धात गेला, एवढंच घरात ठाऊक. त्याचा विषय निघाला की बाबा उठून जायचे.

"त्या सकाळी काकाचं विमान सोडायची पाळी बाबांचीच होती," धाकटा म्हणाला. "चाकांखालचे अडसर त्यांनीच काढले. आपल्या हाताने. काका उडाला तो परत उतरलाच नाही. म्हणून बाबांनी त्याला चाकं लावली नाहीत."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी एकदाच दवाखान्यात भेटायला आलो होतो ना, तेव्हा."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वा रे वा! बेडपॅन मी उचलायचं आणि मनातलं तुला सांगायचं!"

"तू कधी विचारलंस त्यांना?"

"गाल सुजलेली पोर विचारायला जाते होय रे?"

तिने कपाटाचा खण खस्सकन ओढला. खोक्याच्या तळाशी चाकांची पुडी अजून होती. डाव्या चाकाचा दांडा त्या दिवशीच्या ओढाओढीत वाकलेला, काही केल्या बसेना.

"ताई, नको."

"गप्प बस."

तिने दात आवळून अंगठ्याने दाबलं. कट्ट झालं. दांडीवरून काढलेलं विमान तिने फळीच्या कडेला टेकवलं. जरासं कलतं, पण उभं राहिलं.

"आता मारा म्हणावं येऊन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

दाराची बेल वाजली. दुकानदार असणार. धाकटा जागचा हलला नाही.

"बघत काय बसलायस?" ताई नाक पुसत खेकसली. "सरकव की बाकीच्यांना. जागा कर त्याला."