सहीची ओळ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझे नाव रिग्रेट. मराठीत मला ‘खेद वाटणे’ म्हणतात. मंगळवारी दुपारी सूतगिरणीचा शिपाई छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातात पाकीट देऊन सायकलवर निघून गेला. कंपोझिटरची बायको गिरणीत यंत्रावर काम करताना अपघातात गेली, हे त्याला मीच सांगितले. कागद छापील होता. तिचे नाव तेवढे शाईने भरलेले.

माझे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे. तेव्हा माझा अर्थ होता, मेलेल्या माणसासाठी गळा काढून रडणे. पुढे मी इंग्रजीत आलो आणि हळूहळू कचेऱ्यांत शिरलो. नोकरी नाकारायची असली, सभा रद्द झाली, गाडीला उशीर झाला, की मला पुढे करतात. हा शब्द किती सभ्य, असे लोक म्हणतात. कौतुक झाले, पण माझे रडणे गेले.

बारा वर्षांपूर्वी गिरणीने हे पत्र छापायला दिले. कंपोझिटरने शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून मला जुळवले. कच्ची प्रत तो घरी घेऊन गेला, कारण चुका काढण्यात बायकोची नजर त्याच्याहून चांगली होती.

“हा कोण पाहुणा?” तिने माझ्यावर बोट ठेवले.

“काय ठाऊक. आम्ही अक्षरं लावतो, अर्थ लोकांनी लावायचा.”

तिने फळीवरचा जाड शब्दकोश काढला आणि बराच वेळ वाचत बसली.

“अहो, हा तर मुळात रडायचा शब्द. मग इथं रडतंय कोण? खाली सहीला जागाच नाही.”

“होती. एक ओळ पानात मावेना, म्हणून काढली.”

“बरी ओळ सापडली तुम्हाला काढायला. उद्या एखादं माणूस विचारायला जाईल कुणाकडे?”

“उद्या घालतो.”

“तुमचा उद्या उजाडला की मला उठवा,” ती म्हणाली. दोघेही हसले.

गिरणीला पत्र तसेच पसंत पडले. जुळवलेले खिळे दोरीने बांधून मांडणीवर ठेवले गेले. लागेल तेव्हा खाली काढायचे, छापायचे, पुन्हा धूळ खात ठेवायचे. मला कोणी वाचत नसे.

बुधवारी कंपोझिटर गिरणीच्या फाटकावर गेला. शेवटी तिच्याजवळ कोण होते, ती काही बोलली का, एवढेच त्याला हवे होते. तिच्या पाळीतल्या बायकांना तोंड उघडायची बंदी होती.

“पत्र कुणी दिलं?” रखवालदाराने विचारले.

“गिरणीनं.”

“गिरणी म्हणजे कोण, काका? सही दाखवा, त्या साहेबांना बोलावतो.”

त्याने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. तो तसाच परतला.

मित्रांनो, मला वापरा, माझी हरकत नाही. पण माझ्याखाली आपले नाव लिहा. आणि बातमी मरणाची असेल, तर मला पाठवू नका. स्वतः जा.

आज सकाळी कंपोझिटरने ते खिळे मांडणीवरून उतरवले, धूळ पुसली आणि दोरी सोडली. ती शेवटी काय बोलली, ते त्याला कळलेले नाही. सहीची ओळ अजून घालायची राहिली आहे.