आरसेघराची अट

सुट्टीच्या दिवशी भिंगरीला फक्त झोपायचं असायचं. लांबलचक ड्युट्या करून पायांचे तुकडे पडलेले असायचे, डोळे चुरचुरत असायचे. अशा वेळी माणसाला गादीशिवाय दुसरं काही सुचू नये. पण सकाळीच वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, फोन यायचा. ह्या खेपेला काय बघायचं ते त्यांनी घरी खुर्चीत बसून, मोबाइल नाकाशी धरून शोधून ठेवलेलं असायचं आणि तिचा चहा संपेपर्यंतही त्यांना दम निघत नसे.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून अण्णांनीच ठेवलं आणि पुढे तिनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. ती नर्स होती, पण कुठल्या एका दवाखान्याची नव्हती. जिथे नर्स कमी पडतील तिथे नर्स पुरवणारी एक कंपनी तिला काही महिन्यांच्या करारावर पाठवायची. करार संपला की बॅग भरायची आणि पुढचं गाव. नातेवाइकांना वाटे, काय मजा आहे हिची, पगार घेऊन जग बघते. ह्या जगात वॉर्ड, भाड्याची खोली आणि दोन्हींच्या मधला रस्ता एवढंच असतं, हे सांगून कोणाला पटत नसे. मग तिनं सांगणंच सोडून दिलं.

अण्णांना मात्र ती जग बघायला हवीच होती. ते जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, तेही एकाच मार्गावर. हजारो लोकांना त्यांनी कुठे कुठे पोचवलं आणि स्वतः शेवटच्या थांब्यावर चहा पिऊन तसेच माघारी आले. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन फिरायचं असं ठरलं होतं, तर ती आधीच गेली. मुलगा आणि सून घरातच, पण आपापल्या नोकरीत, तेव्हा फिरणारी अशी उरली ही लेक. तेव्हा तिच्या फोनच्या कॅमेऱ्यातून जग बघायचं, असा त्यांनी बेत केला.

बरं, जग बघायचं तेही सरळ नाही. किल्ले, राजवाडे, बागा सगळीकडे सारख्याच, त्यात काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवं असायचं काहीतरी अतरंगी. एका गावात तिनं त्यांना किटलीच्या आकाराचं घर दाखवलं, ज्याच्या तोटीतून धूर निघायचा. दुसऱ्या गावात एका म्हातारीनं बसमध्ये विसरलेल्या छत्र्यांचं संग्रहालय काढलं होतं. ते बघताना अण्णा इतके रंगले की म्हातारी आणि ते, एकमेकांची भाषा येत नसताना, फोनवरून कितीतरी वेळ छत्र्यांबद्दल बोलत राहिले. मधल्या मध्ये भिंगरी हात वर धरून उभी. हात भरून आला, पण अण्णांचा चेहरा बघून तिला बरं वाटलं. हे तिनं त्यांना कधी सांगितलं नाही, उलट दर वेळी कुरकुरच केली.

ह्या नव्या गावात आल्यापासून तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चेहरा न दिसणाऱ्या साध्या फोनवर बोलता बोलता अण्णा थांबायचे. वाक्य अर्ध्यात सोडून श्वास घ्यायचे आणि मग पुढे बोलायचे. तिनं विचारलं तर म्हणाले, खाली रेंज मिळत नाही म्हणून तुझ्यासाठी गच्चीवर आलोय, जिना चढून धाप लागणार नाही तर काय. तिला पटलं. पेशंट साखर खाऊन नाही म्हणतात, सिगारेट ओढून नाही म्हणतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वॉर्डात कोणी असं सांगितलं असतं तर तिनं आधी पायाची सूज बघितली असती. अण्णांच्या बाबतीत तिच्या ते डोक्यातच आलं नाही. त्यांनी सांगितलं आणि तिनं ऐकलं.

मग एक दिवस वहिनीशी बोलताना ती सहज म्हणाली, अण्णांना सारखं गच्चीवर पाठवू नका, मीच नंतर फोन करत जाईन.

"गच्ची?" वहिनी म्हणाली. "अगं, ते कुठे जातात गच्चीवर? महिना झाला, जिन्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. रात्री झोपतातही खुर्चीतच. आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं म्हणतात. गॅस असेल, म्हणून मी ओवा देते."

ज्यांना आडवं होता येत नाही, जे उशांवर उशा रचून किंवा बसून रात्र काढतात, असे म्हातारे भिंगरीच्या वॉर्डात रांगेनं पडलेले होते. हृदय थकलं की छातीत पाणी साठतं आणि मग असं होतं. वेळेवर औषध मिळालं तर माणूस चालत घरी जातो. नाही मिळालं तर काय होतं तेही ती रोज बघत होती. हे सगळं येत असून तिच्या हातात होता एक फोन, आणि बाप दोन विमानं बदलून जावं लागेल इतक्या लांब.

तिनं दादाला फोन केला. दादा तिचा मोठा भाऊ, तापट पण सरळ. तो म्हणाला, मी सांगून थकलो, उचलून नेऊ का आता त्यांना? नेण्याचा प्रयत्न त्यानं एकदा केलाही होता. अण्णा दाराची चौकट धरून उभे राहिले. तिनं रजा मागितली. इन्चार्ज सिस्टर भली बाई होती, तिनं पाठीवर हात ठेवला आणि कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनी म्हणाली, बदली नर्स शोधतो आहोत, मिळाली की लगेच सोडू. बदली मिळत नाही म्हणून तर तिला इथे आणलं होतं, तेव्हा ह्या शोधाचं काय होणार हे तिला आधीच कळलं. करार मोडून निघून जावं, तर वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना रात्री बघायला कोणी नव्हतं. त्यांच्याही मुली लांबच होत्या.

राहिले अण्णा. ती रागावली, रडली, पुन्हा रागावली. ते ढिम्म.

"दवाखान्यात गेलं की ठेवून घेतात," ते म्हणाले. "तुझी आई गेली ती घरी आली का?"

पण ती नर्स होती आणि हट्टी पेशंट तिच्या हाताखालून ढिगानं गेले होते. अशांशी वाद घालायचा नसतो, सौदा करायचा असतो. दोन घास खा, मग टीव्ही लावते. इंजेक्शन घे, मग खिडकीशी बसवते. ही युक्ती सहसा फसत नाही आणि भिंगरी तर तिच्यात पटाईत होती. बरेच दिवस अण्णा एका ठिकाणाच्या मागे लागले होते. गावाबाहेर एका जुन्या गोदामात कोणीतरी आरसेघर केलं होतं. आत सगळ्या भिंती आरशांच्या, वाटा वेड्यावाकड्या, आणि आत गेलेला माणूस बाहेर यायला धडपडतो म्हणे. पैसे देऊन हरवायला जायचं, ह्या कल्पनेनं अण्णा खूश झाले होते. तर तिनं अट घातली. येत्या सुट्टीला ती आरसेघर दाखवेल, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा मुकाट्यानं दादाबरोबर दवाखान्यात जातील.

अण्णांनी घासाघीस केली आणि शेवटी कबूल झाले. भिंगरीला हायसं वाटलं. आपण जिंकलो असंच तिला वाटलं.

पण वॉर्डातली एक नर्स तापानं पडली आणि भिंगरीची सुट्टी पुढे ढकलली गेली. करारावरच्या नर्सला विचारतात ते नावाला. तिनं अण्णांना विनवलं, दवाखाना आधी करू, आरसेघर कुठे पळून जात नाही. अण्णा म्हणाले, ठरलं ते ठरलं, आधी आरसेघर, आणि माझं काही अडलेलं नाही. त्यांच्या आवाजात तिला सुटका झाल्याचा आनंद ऐकू आला. दोरी तिनं स्वतःच त्यांच्या हातात दिली होती आणि आता ती ओढून घेता येत नव्हती. दिवसभर ती दुसऱ्यांच्या वडिलांना औषधं देत राहिली आणि मनात चरफडत राहिली.

अखेर सुट्टी मिळाली. गोदामाच्या दारात बसलेल्या तिकीटवाल्यानं तिला सांगितलं, एक हात सतत भिंतीला लावून ठेव म्हणजे हरवणार नाहीस. एका हातात फोन आणि दुसरा हात आरशावर, अशी ती आत शिरली. दुपारची वेळ, आत दुसरं कोणी नव्हतं. फोनमध्ये अण्णा दिसत होते. दाढी केलेली, चांगला सदरा घातलेला, केस विंचरलेले. घरात एकटेच होते. दादा कामावर गेला होता, वहिनी शाळेत शिकवायला.

आरशांत एकीच्या मागे एक अशा असंख्य भिंगऱ्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीच्या हातात फोन. अण्णा लहान मुलासारखे हसायला लागले.

"अगं, किती ह्या!" ते म्हणाले. "इथे एकीला वाढवताना आमच्या नाकी नऊ..."

वाक्य तिथेच थांबलं. तिला वाटलं, श्वास घेताहेत. मग त्यांना खोकला आला, तो थांबेना. तिनं पाहिलं, ओठांचा रंग बदलला होता. ती म्हणाली, अण्णा, बोलू नका, पुढे वाकून बसा, पाय खाली सोडा. फोन त्यांच्या हातातून घसरला. आता पडद्यावर छत दिसत होतं आणि पंखा. श्वास मात्र ऐकू येत होता. पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. हा आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिच्या वॉर्डात तो आला की ती भिंतीवरचं बटण दाबते आणि चारी बाजूंनी माणसं धावत येतात.

इथे बटण नव्हतं. दादाला फोन करायचा तर हा फोन ठेवावा लागणार होता. ठेवला तर श्वास ऐकू येणार नव्हता, आणि पुन्हा लावला तर उचलणारं कोणी असेल की नाही, कोण जाणे. काय करायचं हे तिला माहीत होतं. अशा वेळी काय करावं हे तिनं शिकाऊ मुलींना कितीदा शिकवलं होतं. तरी बोट हलेना.

"अण्णा, फोन ठेवते हं," ती म्हणाली. "लगेच करते."

तिकडून फक्त तो आवाज आला. तिनं फोन ठेवला.

दादाचा फोन वाजून वाजून बंद झाला. वहिनीचा लागलाच नाही, वर्गात ती तो बंद ठेवते. पुन्हा दादा. ह्या वेळी त्यानं उचलला. तिनं वॉर्डात बोलते तशा सपाट आवाजात सांगितलं, ॲम्ब्युलन्स बोलव, शेजाऱ्यांना पाठव, अण्णांना झोपवू नका, बसतं ठेवा. तो काही न विचारता धावला. मग तिनं अण्णांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

तिला बाहेर पडायचं होतं. बाहेर जाऊन करणार काय होती, देव जाणे, पण आत उभं राहवत नव्हतं. ती घाईनं निघाली आणि कपाळ आरशावर आपटलं. वळली, तर पुन्हा आरसा. जिकडे बघावं तिकडे कानाला फोन लावलेली, घाबरलेली तीच बाई. भिंतीवरचा हात केव्हाच सुटला होता. शेवटी ती खाली बसली आणि ओरडली. तिकीटवाला आत आला आणि तिच्या बाहीला धरून तिला बाहेर घेऊन गेला. असं बऱ्याच जणांचं होतं, तो समजुतीनं म्हणाला, आणि तिला बाकावर बसवून पाणी आणायला गेला.

दादाचा निरोप आला. शेजाऱ्यांनी दार उघडलं होतं, ॲम्ब्युलन्स आली होती, अण्णांना दवाखान्यात नेलं होतं. पुढे काही नाही. ती फोन करत राहिली आणि दादा उचलत नव्हता. बऱ्याच वेळानं कोणीतरी उचलला. बाईचा आवाज होता, तरुण आणि घाईतला. ती वॉर्डातली सिस्टर होती. दादा औषधं आणायला खाली गेला होता आणि त्याचा फोन पलंगावरच वाजत होता.

भिंगरीनं अण्णांचं विचारलं. सिस्टर म्हणाली, मशीनवर ठेवलं आहे, डॉक्टर बघताहेत. मग तिनं विचारलं, तुम्ही घरच्याच ना? भिंगरी म्हणाली, हो, मुलगी.

सिस्टरचा आवाज मऊ झाला. भिंगरी तो आवाज ओळखत होती. हे वाक्य बोलायच्या आधी तिचाही आवाज असाच व्हायचा आणि बोलताना ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची नाही.

"ताई," सिस्टर म्हणाली, "लांबचं कोणी असेल तर बोलावून घ्या."

तिकीटवाला पाण्याचा ग्लास घेऊन आला होता. भिंगरीनं तो घेऊन बाकावर ठेवून दिला.

"लांबची मीच आहे, सिस्टर," ती म्हणाली.

तिकडून मशीनचा आवाज येत होता. सिस्टर फोन तसाच कानाशी धरून उभी होती, आणि भिंगरीनंही ठेवला नाही.