मास्तर पुढे, गोतावळा डावीकडे

गाव त्यांना शेवटचे मामा म्हणायचं. कारण कुणाचाही शेवटचा प्रवास मामांच्या जुन्या पिकअपमधूनच व्हायचा. मामांना हा धंदा मनापासून आवडे. गिऱ्हाईक मागे गुपचूप आडवं, 'हळू चालवा' नाही की 'काच लावा' नाही.

त्या सकाळी निवृत्त मास्तरांना घेऊन ते निघाले. मागे धुरळ्यात परगावच्या नातेवाइकांच्या गाड्या. चौकाआधी खड्डेच खड्डे, तेव्हा ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत मामांनी गाडी सरळ काढली. स्मशानाशी उतरून बघतात तर मागे चिटपाखरू नाही. मास्तर आणि ते, दोघंच. अख्खा गोतावळा चौकात डावीकडे वळून गुरांच्या दवाखान्यात रडत उभा होता. थोरला मुलगा संतापून म्हणाला की तुमचा डावा दिवा लुकलुकत होता. मामांनी वळायच्या दिव्याच्या खटक्याला हातही लावला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण ब्रेकवर पाय ठेवून स्वतःच मागे जाऊन बघणार कसं? बघायला दुसरं माणूस हवं, आणि घरातलं दुसरं माणूस बोलत नव्हतं. मामींना पिकअपमधून भाजी विकायची होती. त्यावर मामा म्हणाले होते, तुझ्यापेक्षा माझं गिऱ्हाईक बरं, तोंड तरी मिटून असतं. तेव्हापासून मामी फक्त भिंतीशी बोलायच्या.

शेवटी मामांनी नमतं घेतलं. मामी पदर खोचून गाडीमागे उभ्या राहिल्या आणि कुंपणाच्या भिंतीला सांगू लागल्या, "उजवीकडे लाल लागतोय. डावीकडे लाल नाहीच. पिवळा मिणमिणतोय, तोही ब्रेक दाबला की."

मामांच्या डोक्यात उजेड पडला. डाव्या दिव्यातल्या करंटला बॅटरीकडे परतीची वाट मिळत नसणार, म्हणून ब्रेकचा करंट पिवळ्या बल्बातून चोरवाट काढतोय. त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणून दिव्याच्या पत्र्याला टेकवली. मामींनी ब्रेक दाबला. लाल दिवा झगझगीत लागला, पिवळा गप्प झाला.

म्हणजे अर्थिंगच गेलं होतं. दिव्याच्या काळ्या वायरचा माग काढत मामा गाडीखाली सरपटले. वायर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, स्क्रूने आवळली होती, तिथे वायरखाली जाडजूड, गुळगुळीत पांढरा रंग होता; त्यातून करंट जाणार कसा?

"हा रंग कुणी फासला?" मामी वाकून म्हणाल्या. यावेळी भिंतीला नाही.

"मीच," गाडीखालून आवाज आला. "गाडी जरा सोज्वळ दिसावी म्हणून."

"आत झोपलेल्याला काय दिसणार होतं, कप्पाळ?"

मामांनी सँडपेपरने रंग खरवडून पत्रा उघडा केला, स्क्रू आवळला. दिवे शहाण्यासारखे लागले.

संध्याकाळी दोघं माफी मागायला मास्तरांकडे गेले. थोरल्याने तोंड फिरवलं. पण मास्तरांच्या बायकोने त्यांना आत बोलावून बसवलं. "जन्मभर कुरकुरायचे," त्या म्हणाल्या, "की या घरात माझ्यामागून कुणी येत नाही." आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. मामी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

परतताना मामा म्हणाले की गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी भाजी न्यायला हरकत नाही.

"आधी गाडी धुवायची," मामी म्हणाल्या. "तुम्ही."